फ्लॉवर रूम ४ : लाल कोळी, कोकोपीटमधल्या माश्या आणि आमचे मित्रकीटक

८ जानेवारी २०२४

कामाचा आवाका आधी मांडून ठेवते, म्हणजे पुढच्या नोंदी वाचताना घोळ होणार नाही. जागा ओंटारिओतल्या नायगारा भागातली, परवाना असलेली, इनडोअर गांजा उत्पादनाची. १७ ऑक्टोबर २०१८पासून कॅनडात हे रीतसर कायद्याने चालतं. गावाकडे मात्र मी अजून ‘औषधी वनस्पतींच्या कंपनीत आहे’ एवढंच सांगते. मामा हुशार आहे, तो पुढचं विचारत नाही.

इमारतीला खिडकी नाही. मदर रूममध्ये जपलेली मादी झाडं, त्यांची कटिंग क्लोन रूममध्ये, मुळं धरली की व्हेज रूम, म्हणजे फुलोऱ्याआधी नुसती पानं-फांद्या वाढवायची खोली. इथपर्यंत १८ तास उजेड. मग फ्लॉवर रूम, तिथे १२ तास उजेड आणि १२ तास मिट्ट काळोख, आठ-नऊ आठवडे. मातीऐवजी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि गोणीवर पत्ता तमिळनाडूचा.

जूनपर्यंत कीड व्यवस्थापन मित्रकीटकांवर, म्हणजे कीड खाणाऱ्या उपयोगी जिवांवर, आणायचं, हे माझं काम. हौस म्हणून नाही. फवारायला हातात फारसं काही नाहीच. गांजासाठी नोंदणी असलेली उत्पादनं म्हणजे बहुतेक साबण, तेलं, गंधक, बुरशी-जिवाणूंवर आधारलेली जैविक औषधं. जानेवारी २०१९पासून मालाची तपासणी सक्तीची आहे आणि यादीत ९०हून अधिक कीडनाशकं आहेत. मावळात गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये होते तेव्हा लाल कोळी (पानाचा रस शोषणारी टिचभर कीड) दिसला की अबामेक्टिन हे कीडनाशक, हे ठरलेलं. इथे तेच अबामेक्टिन त्या यादीत बसलंय. कडकपणा उगाच नाही. हा माल लोक पेटवून ओढतात. मायक्लोब्युटॅनिल हे आपल्या द्राक्षवाल्यांना भुरीसाठी माहीत असलेलं बुरशीनाशक. ते तापलं की हायड्रोजन सायनाइड सुटतो. द्राक्ष कोणी पेटवत नाही, म्हणून तिकडचा हिशोब वेगळा.

१५ जानेवारी

पहिली पूर्ण पाहणी. प्रत्येक खोलीत पिवळे चिकट सापळे, फुलकिड्यांसाठी (थ्रिप्स, रस शोषणारे बारीक किडे) काही निळे. सापळा शेंड्याच्या पातळीला, आणि क्लोन ट्रेमध्ये एकेक आडवा, कुंडीच्या तोंडाशी. शिवाय भिंग. सापळ्यावर फक्त उडणारं सापडतं. कोळी उडत नाही, तो पान उलटूनच बघावा लागतो.

क्लोन आणि व्हेज रूममध्ये फंगस नॅट. काळ्या, बारीक, दुबळ्या माश्या. उडण्यापेक्षा कोकोपीटवर पळतात जास्त. व्हेजमध्ये थोडे फुलकिडे, चिंता करण्याइतके नाहीत.

फ्लॉवर रूम ४ मध्ये, फुलोऱ्याच्या तिसऱ्या आठवड्यात, लाल कोळी. दोन ठिपक्यांचा, टेट्रानिकस अर्टिकी, मावळातला तोच. खोलीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे हवा फिरत नाही आणि दिव्याची धग साचते तिथे, पानांवर पिठूळ पांढरे टिपके. पान उलटलं तर शिरेच्या कडेने गोल, पारदर्शक अंडी आणि दोन काळे डाग असलेल्या माद्या.

फुलोरा सुरू झालेला असल्यामुळे फवारणीचा विषय संपला. केसरांवर साबण किंवा तेल बसलं की माल गेला, आणि ओल राहिली तर करडी बुरशी येते ती वेगळीच.

१८ जानेवारी

रूम ४ मध्ये फायटोसियुलस पर्सिमिलिस सोडले. हा परभक्षी कोळी लाल कोळ्याशिवाय दुसरं काही खात नाही, हेच त्याचं मोठेपण आणि हीच त्याची अडचण. साधारण शिफारस हलक्या प्रादुर्भावाला चौरस मीटरमागे ६, जोराच्या प्रादुर्भावाला २०. मागच्या कोपऱ्यात जोराचा हिशोब धरला, बाकी खोलीत हलका.

२९ जानेवारी

निकाल अर्धा. झाडाच्या खालच्या आणि मधल्या पानांवर परभक्ष्यांनी जागा साफ केली आहे. अंड्यांची रिकामी टरफलं आणि सुकलेले कोळी दिसतात. वरच्या टोकाला, कळीच्या भोवती, लाल कोळी मजेत आहे.

कारण हवेत आहे. हेड ग्रोअर, म्हणजे लागवडीच्या प्रमुख, बाईंनी रूमची आर्द्रता ५०% धरली आहे, करड्या बुरशीच्या भीतीने. भीती खरी आहे. घट्ट कळीत बुरशी शिरली की आतून कुजवते आणि बाहेरून पत्ता लागत नाही. पण पर्सिमिलिसच्या अंड्यांना ६०%च्या खाली हाल होतात, ती फुटण्याआधी वाळतात. शेंड्याला दिव्याखाली हवा आणखी तापलेली, म्हणजे आणखी कोरडी. लाल कोळ्याला नेमकं हेच पाहिजे असतं: ३० अंशांच्या आसपास अंड्यापासून प्रौढापर्यंत त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात. शिवाय गांजाच्या कळीवर चिकट ग्रंथींचे केस असतात, त्यात छोट्या परभक्ष्याचे पाय अडकतात. शेंडा हा लाल कोळ्याचा किल्ला आहे. तो लढून घेता येत नाही, शत्रू तिथे पोचण्याआधीच काम उरकायला हवं.

सध्याचा माल त्याच्या नशिबावर. पाहणी चालू ठेवायची, कोपऱ्यातली सगळ्यात वाईट झाडं बांधलेल्या पिशवीतून बाहेर काढायची.

५ फेब्रुवारी

रूम ४ मध्ये कोळी आला कुठून, याचा माग. ट्रेचे टॅग लावत मागे गेले. कोपऱ्यातली सगळी झाडं एकाच वाणाची आणि त्यांची कटिंग मदर रूममधल्या त्याच चार-पाच मदर झाडांची. ती झाडं वयस्क, बुंध्याला लाकूड आलेलं, आत दाट. बाहेरून हिरवीगार. आतली, उजेड न पोचणारी पानं उलटली तर कोळ्यांची वस्ती होती, जाळं नाही, थोडीच, पण जुनी.

म्हणजे आम्हीच दर आठवड्याला कोळी लागलेली कटिंग कापून, मुळं धरवून, पुढे पाठवत होतो. फ्लॉवर रूममध्ये जे दिसतं ते तिथे जन्मत नाही, फक्त उघडं पडतं. पुढच्या सगळ्या कामाचा जोर त्यामुळे मदर आणि क्लोन रूमवर.

ठरलेलं असं. संशयित मदर झाडं काढून टाकायची, त्यांच्या निरोगी शेंड्यांची कटिंग घेऊन नवी मदर वाढवायची. यापुढे मदर झाड वर्षभर ओढायचं नाही, काही महिन्यांनी बदलायचं. प्रत्येक कटिंग लावण्याआधी बुडवून घ्यायची, नोंदणी असलेल्या साबणाच्या द्रावणात. कटिंगला अजून पानं मोजकी असतात, ओली झाली तरी धोका नाही, आणि कोळ्याची अंडी सोडून बाकी बरंच मरतं. अंडी राहतात म्हणून काही दिवसांनी क्लोन ट्रेवर परभक्षी सोडायचे.

हेड ग्रोअर बाईंना मदर झाडं टाकणं जिवावर आलं. एक वाण त्यांनी स्वतः निवडून वाढवलेला. समजू शकते. पण भिंगातून दाखवल्यावर त्यांनी स्वतःच पिशवी आणली.

१२ फेब्रुवारी

माणसांच्या वाटा. इथे कीड पंखांपेक्षा बाह्यांवरून जास्त प्रवास करते. आजपासून क्रम पक्का: सकाळी मदर, मग क्लोन, मग व्हेज, शेवटी फ्लॉवर; फ्लॉवरमध्ये गेलेला माणूस त्या दिवशी मागे येणार नाही. प्रत्येक खोलीचे कोट वेगळे, पांढरे. पिवळा टी-शर्ट घालून आलेल्या पोराच्या पाठीवर व्हेज रूममध्ये दोन फुलकिडे बसलेले मी स्वतः पाहिले. चालता-फिरता सापळाच तो. सिंचन बघणाऱ्या गड्याचा या सगळ्यावर राग आहे, कारण त्याला दिवसभर सगळ्या खोल्यांत जावं लागतं. त्याच्या फेऱ्यांचं वेळापत्रक वेगळं बसवायला हवं, ते बाकी आहे.

२० फेब्रुवारी

काल फॅमिली डेची सुट्टी, त्यामुळे कुरिअर अडकलं. व्हेजसाठी मागवलेल्या पर्सिमिलिसच्या बाटल्या दोन दिवस कुठल्या तरी गोदामात. हा जीव साठवायचा नसतो. बाटलीत खायला काही नसलं की एकमेकांना खातात. आल्या आल्या सोडायच्या.

सोडण्याआधी तपासणी. पांढऱ्या कागदावर बाटली उलटी धरून हलकेच टिचकी मारली. भुश्याबरोबर शेंदरी, चकचकीत, नासपतीसारख्या घडणीचे कोळी पडले. चांगल्या बाटलीतले कागदाच्या कडेकडे सुसाट सुटतात. यातले निम्मे अंग चोरून पडून होते. फोटो काढून पुरवठादाराला पाठवले, त्यांनी बदली माल कबूल केला. आहेत ते सोडून टाकले.

धडा कॅलेंडरचा: सोमवारच्या सुट्टीच्या आठवड्यात मित्रकीटक मागवायचे नाहीत. ओंटारिओत अशा सुट्ट्या बऱ्याच.

२८ फेब्रुवारी

रूम ४ ची काढणी. मागच्या कोपऱ्यातल्या शेंड्यांवर जाळी होती, तो माल वेगळा काढून नष्ट केला आणि वजनाची नोंद केली. इथे नष्ट केलेल्या ग्रॅमचाही हिशोब ठेवावा लागतो. उरलेला बरा निघाला.

साफसफाईत मी उभी राहिले. आधी पानाचा एकूण एक तुकडा बाहेर, मग टेबल, ड्रिपच्या नळ्या, पंख्यांची पाती, नाल्या धुतल्या, मग हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेलं निर्जंतुक. लोक जमीन घासतात आणि पंख्याची जाळी विसरतात. तिथेच कोपऱ्यात, धुळीच्या थरात, कोळी दडतो.

४ मार्च

नवी बॅच रूम ४ मध्ये. नव्या मदरची कटिंग, बुडवलेली, व्हेजमध्ये परभक्षी मिळालेली. पाहणीत लाल कोळी क्वचित. ‘शून्य’ लिहायचा मोह झाला, पण लिहिलं नाही.

आर्द्रतेवरून आज तासभर बसलो. माझं म्हणणं, पहिले तीन आठवडे कळी भरलेली नसते, तेव्हा बुरशीला शिरायला जागाच नाही. तेवढे दिवस ६०–६५% ठेवा, परभक्षी रुजू द्या. मग हळूहळू खाली आणा, शेवटी ५०% करा. बाईंनी मान्य केलं, एका अटीवर: रात्री दिवे विझल्यावर आर्द्रता उसळते तेव्हा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल खेचणारी यंत्रं) आधी सुरू व्हायला हवेत, पानावर दव बसता कामा नये. अट योग्य आहे. आजवर दोघी एकमेकींच्या खोलीचे आकडे बघत नव्हतो, आता एकाच कागदावर दोन्ही रेषा काढल्या.

पर्सिमिलिसबरोबर कुकुमेरिस या दुसऱ्या परभक्षी कोळ्याच्या पिशव्याही झाडांना अडकवल्या. या छोट्या कागदी पिशवीत कोंडा, त्यावर वाढणारे खाद्य-कोळी आणि ते खाणारा परभक्षी अशी सगळी वस्ती असते; चार-सहा आठवडे त्यातून परभक्षी बाहेर पडत राहतात. फुलकिड्यांच्या लहान पिल्लांसाठी हे चांगलं. फुलकिड्यांसाठी ओरियस ढेकूण घ्या असं पुरवठादाराने सुचवलं होतं. व्हेजमध्ये घेईन. फ्लॉवरमध्ये १२ तासांच्या उजेडात तो हिवाळा आला समजून सुप्तावस्थेत जाऊ शकतो, आणि काळा, डोळ्यांना दिसणारा किडा कळीत मेलेला सापडला तर ग्राहक त्याला मित्र म्हणणार नाही.

२५ मार्च

एकविसाव्या दिवसाची पानं काढणी. उजेड आणि हवा आत जावी म्हणून खालची मोठी पानं तोडतात.

मागच्या बॅचचं दप्तर काढून बघितलं. तेव्हा परभक्षी सोडले आणि मग दोन दिवसांत पानं काढली. परभक्षी बसतात कुठे? त्याच खालच्या पानांवर. म्हणजे पैसे देऊन आणलेले कोळी पिशवीत भरून कंपोस्टला पाठवले. ऑर्डर मी देते, पानं काढणीचं वेळापत्रक उत्पादन विभाग ठरवतो; दोन्ही कागद कधी एकत्र आले नव्हते.

या वेळी उलट क्रम. आज पानं काढली, पिशव्या खोलीतच बांधून लगेच बाहेर नेल्या. उद्या सकाळी उरलेल्या पानांवर नवे पर्सिमिलिस. पुन्हा सांगते, तोडलेलं पान खोलीत रात्रभर पडू द्यायचं नाही. सुकू लागलं की त्यावरची कीड जवळचं झाड गाठते.

९ एप्रिल

काल खग्रास सूर्यग्रहण. नायगारा पट्ट्यात दुपारी सव्वातीनच्या सुमारास, आणि आभाळ भरलेलं. सगळे पार्किंगमध्ये चष्मे लावून ढगांकडे बघत उभे. अंधार मात्र झाला. आतल्या झाडांना पत्ता नाही. आज पाडवा. फोनवर आईने विचारलं, गुढी उभारली का. अपार्टमेंटच्या बाल्कनीत उभारली.

काम: फंगस नॅट. व्हेजमध्ये सापळे अजून काळे होताहेत. कोकोपीटवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवल्या होत्या. दोन दिवसांनी उचलल्या तर खाली अळ्या: काचेसारखं अंग, आतलं काळं आतडं दिसतं, आणि टाचणीच्या टोकाएवढं चकचकीत काळं डोकं. कोवळी मुळं हेच कुरतडतात आणि पिथियमसारख्या मुळकूजीला वाट करून देतात.

मूळ दुखणं पाण्याचं. लहान रोपाला मोठ्या रोपाइतकंच पाणी सुटत होतं, वरचा थर कधी सुकतच नव्हता, त्यावर शेवाळ. सिंचनवाल्या गड्याने दोन पाण्यांमधलं अंतर वाढवलं, तेवढ्यानेच फरक पडेल. शिवाय स्टाइनरनेमा फेल्टिए सूत्रकृमी, म्हणजे अळ्यांना मारणारे सूक्ष्म कृमी, चौरस मीटरला सुमारे ५ लाख. फ्रिजमधून काढलेला चिमूटभर गर कोमट पाण्यात घालून भिंगाखाली धरला; जिवंत असतील तर वळवळतात, मेलेले सरळ काडीसारखे पडतात. हे चांगले वळवळत होते. देताना टाकीतलं पाणी सतत हलतं ठेवायचं, नाहीतर सगळे तळाला बसतात आणि शेवटच्या रांगेला नुसतं पाणी जातं. ड्रिपमधून द्यायचे तर बारीक फिल्टर काढायचे, नाहीतर सूत्रकृमी फिल्टरमध्येच राहतात. आम्ही झारीने दिले. जमिनीत राहणारा स्ट्रॅटिओलेलॅप्स कोळीही टाकला. तो अळ्या खातो आणि फुलकिड्यांचे मातीत पडलेले कोषही.

२२ एप्रिल

रूम ४, सातवा आठवडा. नव्या मुलीने घाबरून बोलावलं: पानावर लाल किडे, चिरडले तर चालेल का?

भिंगाखाली बघितलं. एकाच पानावर दोन्ही होते. लाल कोळ्याच्या माद्या उजेड कमी झाला की कधी कधी नारिंगी होतात, सुप्तावस्थेच्या तयारीत. मग त्यांच्या पाठीवरचे डाग दिसत नाहीत आणि त्या पर्सिमिलिससारख्या भासतात. फरक चालीत आहे. नारिंगी लाल कोळी जागच्या जागी, कूर्मगतीने. पर्सिमिलिस चकाकतो, पाय लांब, थांबतच नाही. अंड्यांवरूनही ओळखू येतं: लाल कोळ्याचं गोल, परभक्ष्याचं लांबट, फिकट शेंदरी आणि जवळजवळ दुप्पट मोठं. तिला ती अंडी दाखवली आणि भिंग तिच्याकडेच ठेवायला सांगितलं.

सुप्त माद्या खायचं थांबवतात आणि फटीत शिरतात. म्हणजे काढणीनंतर पंख्याची जाळी, टेबलाचे सांधे, भिंतीच्या खाचा. साफसफाईच्या यादीत ही ठिकाणं नावानिशी घातली. आजपासून या खोलीत नवे परभक्षी सोडणं बंद, कुकुमेरिसच्या पिशव्या पुढच्या आठवड्यात मोजून उतरवायच्या. जेवढ्या अडकवल्या तेवढ्या परत आल्या पाहिजेत, एकही मालात जाता कामा नये.

७ मे

रूम ४ ची काढणी. मागच्या कोपऱ्यात दोन झाडांच्या खालच्या पानांवर टिपके होते. शेंड्यांवर जाळी कुठेही नाही. कीड म्हणून काहीही नष्ट करावं लागलं नाही. करडी बुरशी दोन कळ्यांत, नेहमीइतकीच. जास्त आर्द्रतेच्या तीन आठवड्यांनी ती वाढवली नाही हे बाईंनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिलं, आणि ते माझ्या दृष्टीने वजनाच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं.

मागच्या कोपऱ्यात हवा फिरण्यासाठी आणखी एक पंखा मागितला आहे. मंजुरी बाकी.

२१ मे

बाहेरून नवीन वाणाची कटिंग आली. सरळ वेगळ्या खोलीत. तिसऱ्या दिवशी पानाच्या मागे पांढुरकी कात आणि फिकट हिरवा मावा: फोरोडॉन कॅनॅबिस, गांजाचा खास मावा. इनडोअर वर्षभर माद्याच माद्या, नराशिवाय थेट जिवंत पिल्लं देतात, अंड्यांची वाट बघत बसत नाहीत. फुलोऱ्यात शिरला तर कळीच्या आत बसतो आणि चिकट मधद्रावाने कळी काळी पडते.

वाण हवा म्हणून उत्पादन विभागाचा आग्रह. मी नाही म्हणाले. पुरवठादार ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपं देऊ शकत असेल तर घ्या, थोडी थांबायची तयारी ठेवा. कटिंग पिशवीत बांधून गेली, खोली धुतली. त्यासोबत आणखी एक नियम लिहिला: बाहेरचं कटिंग आलं की दोन-तीन आठवडे वेगळं, आणि बाहेर काढण्याआधी नवीन वाढीचं एक पान ६० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली. रसेट कोळी ही आणखी बारीक कोळ्याची जात, ०.२ मिलिमीटरच्या आसपास असते, साध्या भिंगाला सापडत नाही. तिच्यामुळे पानाच्या कडा वर वळल्या आणि रंग कळकट झाला की लोक त्याला खताची कमतरता समजतात आणि खत वाढवतात.

११ जून

व्हेजमधले सापळे बरेच मोकळे. बटाट्याच्या चकत्यांखाली आज एका ट्रेमध्येच अळ्या, आणि तो ट्रे गळणाऱ्या नळीखाली होता. नळी बदलायला सांगितली.

फुलकिडे वाढताहेत. बाहेर उन्हाळा, आसपास कांदा आणि स्ट्रॉबेरीची शेतं, आणि आत हवा घेणाऱ्या झडपेच्या जाळीला एका कडेला फट. देखभालवाल्यांनी सिलिकॉन लावून टाकलं, पण जाळीच बारीक हवी. फुलकिडा साध्या मच्छरदाणीतून आरामात जातो. बारीक जाळी लावली की हवा कमी खेचली जाते, म्हणून जाळीचं क्षेत्र वाढवायला हवं. मोजमाप घेऊन गेले आहेत.

रूम ४ मध्ये पुढची बॅच, पाचवा आठवडा. मागच्या कोपऱ्यात पंखा बसला. आज पान उलटताना लाल कोळी एका झाडावर, शेजारी तीन पर्सिमिलिस. पुढची पाहणी शुक्रवारी, त्याच झाडापासून सुरुवात.